क्लच सेट बदलायचा आहे : फ्लायव्हील ड्युअल मासच घालू की सॉलिड?

फर्मागुडी · ६ ऑक्टोबर, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण खिसा माझा हलका होणार आहे, तेव्हा सगळं सविस्तर लिहितो. (नवख्यांसाठी : फ्लायव्हील म्हणजे इंजिन आणि क्लचच्या मधलं जड चाक. सॉलिड म्हणजे एकसंध, ड्युअल मास म्हणजे दोन भागांचं.)

गाडी २०१३ ची व्हेंटो १.६ टीडीआय, मॅन्युअल. १ लाख ३४ हजार किलोमीटर झालेत आणि क्लच अजून कंपनीतून आला तोच आहे. म्हणजे त्याच्याबद्दल तक्रार नाही, त्याने पैसे फेडले. रोजचा रस्ता फोंडा ते पर्वरी. मार्दोळ, कुंदई, भोम, बाणस्तारीचा पूल, जुनं गोवं, अटल सेतू इथपर्यंत ठीक. पण पर्वरीत उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून शेवटचा टप्पा म्हणजे पहिला गिअर, हाफ क्लच, ब्रेक आणि पुन्हा पहिला गिअर.

चवथीच्या सुमारास लक्षात आलं की संध्याकाळी परतताना फर्मागुडीच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा २००० वरून सरळ २८०० ला जातो आणि गाडी आहे त्याच वेगात रांगत राहते. पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावर गाडी उचलते. त्यात इंजिन बंद करताना खालून खडखड, आणि उभ्या गाडीत बारीक खुळखुळ.

तीन ठिकाणी विचारलं, तीन उत्तरं मिळाली. कंपनीच्या वर्कशॉपचं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं कोटेशन : क्लच सेट आणि ड्युअल मास फ्लायव्हील मिळून कर धरून ५१,२००, मजुरी वेगळी. नेहमीचं गॅरेज म्हणतं, सॉलिड फ्लायव्हीलचा किट घाला, निम्म्यात होईल आणि पुन्हा बघावं लागणार नाही. स्पेअर पार्टवाला म्हणतो, रिकंडिशन केलेलं ड्युअल मास देतो, सहा महिन्यांची गॅरंटी.

गाडी अजून तीन वर्षं तरी ठेवायची आहे. २०२८ ला पंधरा वर्षं भरतील, तेव्हा पुन्हा पासिंग करायचं की काढून टाकायची ते ठरवू. घरात बायकोही चालवते, त्यामुळे पेडल जड नको. जाणकारांनी सांगावं.

म्हापसा_शुक्रवार · ६ ऑक्टोबर, रात्री १०.४१

विका आणि ऑटोमॅटिक घ्या. पर्वरीचं काम संपेपर्यंत गोव्यात क्लच पेडल असलेली गाडी चालवणं हा डाव्या गुडघ्यावर अन्याय आहे.

यंत्रज्ञ · ७ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

फर्मागुडीबाब, आधी दोन दुखणी वेगळी करा.

काटा उडतो आणि गाडी तिथेच, म्हणजे क्लच घसरतोय. यात फार शंका नाही. प्लेट झिजली असेल, तिला तेल लागलं असेल, किंवा प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची स्प्रिंग बसली असेल. तिन्हींत गिअरबॉक्स खाली काढावाच लागणार.

खडखड मात्र फ्लायव्हीलचीच असेल असं धरून चालू नका. इंजिन माउंटचं रबर फाटलं तरी गाडी बंद करताना असाच दणका बसतो. एखादा इंजेक्टर कमीजास्त फवारत असला तर आयडल (उभ्या गाडीतली इंजिनाची संथ चाल) खडबडीत होतो आणि आळ येतो फ्लायव्हीलवर. पन्नास हजारांचं काम काढण्याआधी माउंट बघून घ्या आणि स्कॅनर लावून चारही इंजेक्टरचे करेक्शनचे आकडे वाचा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता ड्युअल मास असतं कशाला, ते थोडक्यात. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. आयडल ८०० धरला तर सेकंदाला जवळजवळ २७ धक्के, आणि डिझेलचे धक्के पेट्रोलपेक्षा दणकट. साधं फ्लायव्हील त्यांची धार थोडी बोथट करून ते पुढे गिअरबॉक्सला देतं. ड्युअल मास म्हणजे जात्याच्या दोन दगडांसारखी एकावर एक दोन चाकं. एक क्रँकला बोल्टने घट्ट, दुसऱ्यावर क्लच बसतो, आणि मध्ये कमानीसारख्या लांब स्प्रिंगा ग्रीसमध्ये बसवलेल्या. धक्का त्या स्प्रिंगांत मुरतो. स्प्रिंगा मऊ, त्यामुळे या जोडीची स्वतःची थरथर आयडलच्या खालच्या फेऱ्यांत येते. चालत्या गाडीत ती जाणवत नाही. इंजिन सुरू करताना आणि बंद करतानाच त्या पट्ट्यातून जावं लागतं, म्हणून झिजलेलं फ्लायव्हील नेमकं तेव्हाच बोलतं.

बॅटरी अशक्त असेल आणि सेल्फ रेंगाळत फिरत असेल तर इंजिन त्या पट्ट्यात जास्त वेळ अडकतं आणि स्प्रिंगा मार खातात. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये १२००-१३०० वर गाडी रेटायची सवय असली तरी तेच. तुमच्या इंजिनाचा २५० न्यूटन मीटर टॉर्क १५०० पासून हाताशी येतो. त्याच्या खाली असाल तर पाय दाबण्याआधी गिअर उतरवा. ॲव्हरेज मिळतं म्हणून भोमच्या वस्तीतून पाचव्या गिअरमध्ये गुरगुरत जाणारी मंडळी मी रोज बघतो.

साखळी_गॅरेज · ७ ऑक्टोबर, दुपारी १.५०

पात्रांव, यंत्रज्ञ सांगतात ते बरोबर. मी हातातलं सांगतो.

सॉलिडला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. टॅक्सीवाल्यांना मी सॉलिड किट बसवून दिलेत आणि ते विमानतळाच्या फेऱ्या मारतायत. पण किट म्हणजे किट. फ्लायव्हील, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं एका डब्यातलं, एका कंपनीचं. कारण ऐका. ड्युअल मास असलेल्या बऱ्याच गाड्यांत क्लच प्लेटच्या मधोमध स्प्रिंगा नसतात, ती सपाट असते, कारण स्प्रिंगांचं काम फ्लायव्हील करतं. आता एखाद्याने सॉलिड फ्लायव्हील घातलं आणि त्यावर जुन्याच नंबरची सपाट प्लेट चढवली, तर धक्का जिरवणारं काहीच उरलं नाही. इंजिनाचा प्रत्येक ठोका थेट गिअरच्या दातांवर. माझ्याकडे अशी गाडी आली होती. न्यूट्रलला उभी राहिली की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. मालकाला कोणीतरी सांगितलं होतं, गिअरबॉक्स गेला. गिअरबॉक्स बरा होता, प्लेट चुकीची होती. चांगल्या किटमधल्या प्लेटला लांब खेळाच्या जाड स्प्रिंगा असतात. दुकानात डबा उघडून प्लेट हातात घेऊन बघा, स्प्रिंगा नसतील तर डबा परत द्या.

एवढं करूनही सॉलिडमध्ये थोडी थरथर येतेच. आयडलला गिअर लिव्हर हलतो, १५०० च्या आत गाडी घुमते. टॅक्सीवाल्याला चालतं. घरच्या गाडीत महिनाभराने फोन येतो, मेस्त्री, हे काय हलतंय?

रिकंडिशनला हात लावू नका. ड्युअल मास वेल्डिंग करून बंद केलेलं असतं. ते कापायचं, आत कुठल्यातरी स्प्रिंगा आणि कुठलंतरी ग्रीस भरायचं आणि परत वेल्ड मारायचं, आणि मग ते मिनिटाला चार हजार फेरे फिरणार तुमच्या पायाजवळ. बॅलन्स कोणी बघितला? लेथवर फेस मारून देतो म्हणणारेही आहेत. साधं फ्लायव्हील लेथवर घेता येतं, ड्युअल मास घेत नाहीत.

अनमोडघाट · ७ ऑक्टोबर, रात्री ९.०५

सगळे स्टॉकवर, म्हणजे कंपनीतून येतं तशाच क्लचवर, अडून बसलेत म्हणून दुसरी बाजू. माझ्या गाडीला रीमॅप आहे (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलीय), सिरॅमिक प्लेट आणि हलकं फ्लायव्हील टाकलंय. अनमोड चढताना गिअर बदलला की इंजिन असं झटकन उतरतं-चढतं की विचारू नका. एकदाच खर्च करायचा तर वरचं घ्या, घसरण्याचा प्रश्न कायमचा मिटेल.

म्हापसा_शुक्रवार · ७ ऑक्टोबर, रात्री ९.२२

अनमोडभाऊ, तुमच्या गाडीत मी म्हापशाच्या बाजारात बसलोय. शंभर मीटरमध्ये तीनदा बंद पडली आणि चौथ्यांदा उडी मारली. मासळीची पिशवी माझ्या मांडीवर होती.

यंत्रज्ञ · ८ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

अनमोडबाब, तुमच्या वापराला ते शोभतं, यांच्या वापराला नाही. हिशेब मांडतो, म्हणजे वाद नको.

क्लच किती टॉर्क पेलेल ते तीन गोष्टींवर ठरतं : लायनिंगचा (प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचा) घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब आणि प्लेटची सरासरी त्रिज्या. या तिघांचा गुणाकार, आणि प्लेटला दोन बाजू म्हणून दोनने गुणायचं. उदाहरण म्हणून घर्षणांक ०.२८, दाब ६००० न्यूटन आणि त्रिज्या साडेनऊ सेंटीमीटर धरली तर उत्तर येतं सुमारे ३२० न्यूटन मीटर. २५० च्या इंजिनाला पुरेसं आणि वर शिल्लकही.

हे वाढवायचं असेल तर प्लेटचा व्यास वाढवायला घंटेत, म्हणजे क्लचभोवतीच्या घंटेच्या आकाराच्या आवरणात, जागा नसते. मग दाब वाढवा, म्हणजे पेडल जड होईल. किंवा लायनिंग बदला. सिरॅमिक प्लेट उष्णता खूप सोसते, पण पकडते ती बटण दाबल्यासारखी. हाफ क्लच असा तिच्यात नसतोच. साधं ऑरगॅनिक लायनिंग हळूहळू पकडतं आणि रांगेत रांगणाऱ्या गाडीला नेमकं तेच हवं असतं. हलक्या फ्लायव्हीलचंही तसंच. वजन कमी म्हणजे साठवलेली ऊर्जा कमी, म्हणजे क्लच सोडताना इंजिन लगेच मरतं. शर्यतीत फायदा, पर्वरीत तोटा.

रीमॅप केलेला नसेल तर स्टॉक क्षमतेच्या वर जायचं काहीही कारण नाही. यांचा क्लच १ लाख ३४ हजार टिकलाय, तो कमी ताकदीचा होता असं कोण म्हणेल?

अनमोडघाट · ८ ऑक्टोबर, सकाळी ८.०२

त्या दिवशी बॅटरी उतरली होती. बाकी मान्य.

बेळगाव_रिटर्न · ८ ऑक्टोबर, दुपारी १२.४०

पैशांचं कोणी बोललं नाही म्हणून. तुमचं कोटेशन सप्टेंबरच्या सुरुवातीचं आहे ना? तेव्हा गाडीच्या पार्ट्सवर जीएसटी २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झालाय. ५१,२०० मधून २८ टक्के काढले तर मूळ किंमत ४०,०००. त्यावर १८ टक्के लावले की ४७,२००. चार हजार रुपये सरळ कमी. नवीन कोटेशन मागा, मूळ किंमत तीच आहे का ते बघा. मजुरीवर आधीही १८ च होता, तिथे काही फरक नाही.

पार्ट म्हणाल तर कंपनीच्या डब्यातच घ्यायला हवं असं काही नाही. लुक, साक्स, वालेओ हेच लोक गाडीच्या कंपन्यांना क्लच पुरवतात आणि स्वतःच्या डब्यातही विकतात. आपल्या गाडीत मूळचा कोणाचा आहे ते जुन्या पार्टवरच्या ठशावरून कळतं. मागवताना मॉडेल आणि साल सांगून भागत नाही, चेसिस नंबर द्या. एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षांत प्लेटचा व्यास किंवा स्प्लाइनचे (प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसते त्या खाचांचे) दात बदललेले असतात आणि चुकीचा डबा आला तर गाडी गॅरेजमध्ये उघडी पडून राहते.

बेळगावला जाऊन आणण्यात मजा आहे, चोर्ल्यातून उतरताना येळ्ळूरचा बासमतीही घेऊन येता येतो. पण किमतीत आता पूर्वीइतका फरक राहिलेला नाही. कुठेही घ्या, डब्यावरचा कोड स्कॅन करा, पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय स्वस्त मिळालेला क्लच परत करायला कोणाच्या दारात जाणार?

साखळी_गॅरेज · ८ ऑक्टोबर, रात्री ८.१५

फर्मागुडीबाब, एक रस्ता सांगतो. आज फ्लायव्हील विकत घेऊ नका. क्लच सेट ठरलेलाच आहे, तो मागवा. फ्लायव्हीलचा निर्णय गिअरबॉक्स खाली आल्यावर घ्या. दुकानदाराला आधी सांगून ठेवा, लागलं तर दुसऱ्या दिवशी हवं.

गिअरबॉक्स उतरला की फ्लायव्हीलची क्लचकडची चाकी हाताने फिरवून बघायची. स्प्रिंगांवर जोर लागेपर्यंत थोडी फिरते आणि सोडली की परत येते, ते ठीक. जोर न लागता मोकळी डुलत असेल तर किती, ते रिंग गिअरच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या कडेच्या, दातांवर मोजायचं. मग ती पुढेमागे हलवून बघायची, डळमळ किती आहे. दोन्हींच्या मर्यादा कंपनी पार्ट नंबरप्रमाणे देते, अंदाजपंचे नाही. प्रत्येक फ्लायव्हीलचा आकडा वेगळा असतो. ग्रीस बाहेर आलेलं दिसलं, किंवा घासणाऱ्या चेहऱ्यावर भेगा दिसल्या, तर मोजायचीही गरज नाही.

मेस्त्रीला एवढं विचारा, की मोजणार कशाने? उत्तर आलं हाताला कळतं, तर दुसरा मेस्त्री बघा. माझ्याही हाताला कळतं, पण बिल तुम्ही देणार, म्हणून तुम्हाला आकडा दिसला पाहिजे.

गिअरबॉक्स खाली असतानाच करून घ्यायच्या गोष्टी : क्रँकचं मागचं सील बघा, पाझरत असेल तर बदला. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील पण. रिलीज बेअरिंग नवीन, त्यात विचार करायचा नाही. काही गाड्यांत बेअरिंग आणि त्याला ऑइलच्या दाबाने ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर एकच असतो, घंटेच्या आत. तिथे तोही नवीन, कारण नंतर तो गळला तर नवीन प्लेट तेलात. फ्लायव्हीलचे बोल्ट ताणाचे असतात, ते पुन्हा वापरायचे नाहीत. गिअर ऑइल नवीन. आणि क्लचला जे ब्रेक ऑइल जातं ते बदला, आपल्या हवेत ते पाणी ओढतं.

फर्मागुडी · ८ ऑक्टोबर, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. उद्या आधी माउंट आणि इंजेक्टर बघून घेतो. बेळगावबाब, करातला फरक माझ्या डोक्यातच नव्हता, चार हजार म्हणजे मजुरीचा बराच भाग निघाला. साखळीबाब, व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

चोडण_फेरी · ९ ऑक्टोबर, सकाळी ९.१०

मधे घुसतेय, पण विषय क्लचचाच आहे. माझी २०१६ ची वॅगन आर, पेट्रोल. चोडणहून रायबंदरला फेरीने येते. ओहोटीला फेरीतून बाहेर पडताना रॅम्प चांगलाच उभा होतो आणि वर शेवाळ. गेल्या महिन्यापासून तिथे क्लच सोडताना गाडी थरथर कापते. मागे रांग असते, फेरीवाला शिट्टी मारत असतो. गॅरेजने लगेच क्लच सेट आणि फ्लायव्हील दोन्ही सांगितलं. माझ्याही गाडीत ड्युअल मास असतं का?

यंत्रज्ञ · ९ ऑक्टोबर, सकाळी ९.४५

नाही ताई. तुमच्या गाडीत साधं एकसंध फ्लायव्हील आहे, या धाग्यातला अर्धा खर्च तुम्हाला लागूच नाही. थरथर म्हणजे प्लेट एकसारखी पकडत नाही. उन्हाळ्या-पावसाळ्यातल्या हाफ क्लचने फ्लायव्हीलवर तापून कडक झालेले डाग पडतात आणि तिथे लायनिंग अडकत-सुटत पकडतं. इंजिन माउंट ढिलं असलं तरीही हेच वाटतं, तेव्हा ते आधी.

गिअरबॉक्स काढायच्या आधी आणखी एक फुकटची तपासणी. तुमचा क्लच केबलवर आहे. पेडल बोटाने दाबून बघा, सुरुवातीला थोडी मोकळी चाल लागली पाहिजे. प्लेट झिजत गेली की ही चाल कमी होत जाते. ती संपली असेल तर बेअरिंग सतत दाबाखाली राहतं आणि क्लच पूर्ण बसतच नाही. मेस्त्री केबलचं नट फिरवून पाच मिनिटांत चाल काढून देतो.

रॅम्पवर हँडब्रेक ओढून ठेवा. क्लच पकडू लागला, बॉनेट किंचित उचललं की मग हँडब्रेक सोडा. क्लचवर गाडी तोलून धरायची नाही. शिट्टीवाल्याला वाजवू द्या.

चोडण_फेरी · ९ ऑक्टोबर, सकाळी १०.०२

केबल आजच बघते. शिट्टीचं मनावर घेत नाही.

फर्मागुडी · १८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.५०

काम झालं, गाडी कालच घरी आली. सविस्तर लिहितो, कोणाला तरी उपयोगी पडेल.

इंजेक्टर चारही ठीक निघाले. खालचं माउंट मात्र फाटलेलं होतं. ते बदलल्यावर बंद करतानाचा दणका निम्म्यावर आला आणि क्षणभर वाटलं की फ्लायव्हील वाचलं. पण खुळखुळ तशीच होती.

गिअरबॉक्स उतरवला तेव्हा मी मुद्दाम तिथे थांबलो. घंटेच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे फराटे, मध्यापासून कडेकडे पंख्यासारखे उडालेले. मेस्त्री काही बोलला नाही, फक्त टॉर्च तिकडे धरला. प्लेट हातात घेतली तर इंजिनाच्या बाजूचं लायनिंग रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत आलेलं. दोन रिव्हेट चकचकीत, म्हणजे फ्लायव्हीलला टेकायला सुरुवात झाली होती. फ्लायव्हीलच्या चेहऱ्यावर तसे दोन बारीक गोल चर आणि मध्ये निळे-जांभळे डाग. बोटाने डळमळ बघितली तर मलाही कळण्याइतकी. तरी त्याने डायल लावून मोजलं आणि फोनवर त्या पार्ट नंबरची मर्यादा दाखवली. आकडा बाहेर होता. क्रँक सील कोरडं होतं, पण गिअरबॉक्स परत कोण उतरवणार म्हणून बदलून टाकलं.

सॉलिड की ड्युअल मास यावर घरी चर्चा झाली. किटने पंधरा-वीस हजार वाचले असते. पण ही गाडी तीन वर्षं रोज दीड-दोन तास आम्ही दोघं चालवणार, त्यातला बराच वेळ पहिल्या गिअरमध्ये. त्या वेळात लिव्हर हलत राहिलेला मला सोसला नसता. शिवाय २०२८ ला विकायची ठरली तर घेणारा आधी गाडी सुरू करून कान देणार. ड्युअल मास घेतलं, क्लच सेटही त्याच बनावटीचा. पार्ट्स ४७ हजारांच्या आत बसले, मजुरी, सील, ऑइल आणि बोल्ट वेगळे.

एक गोष्ट या धाग्यात आली नव्हती. प्रेशर प्लेट आपोआप ॲडजस्ट होणाऱ्या जातीची असेल तर ती बसवायला वेगळं हत्यार लागतं. नुसते बोल्ट आवळून ओढून बसवली तर आतली ॲडजस्टमेंट आधीच सुटते आणि नवीन क्लच पहिल्याच दिवशी विचित्र वागतो. माझ्या मेस्त्रीकडे ते होतं. विचारून घ्या.

पेडल आता लोण्यासारखं. जुन्या जडपणाची सवय झाली होती, त्यामुळे पहिल्या दिवशी पाय उगाच जोरात गेला.

साखळी_गॅरेज · १८ ऑक्टोबर, रात्री ८.३०

बरं केलंत. आता पहिले पाचशे किलोमीटर जपून. लायनिंग आणि चेहरा एकमेकांवर बसायचे असतात. पाय पूर्ण दाबून ओढायचं नाही, चढावर लोड घेऊन हाफ क्लच नाही. उद्या नरकासुराची रात्र आहे, पुतळे बघायला गर्दी लोटते, पणजीत गाडी घालू नका. त्या गर्दीत नवीन प्लेट जाळून आणलेले दरवर्षी माझ्याकडे येतात.

म्हापसा_शुक्रवार · १८ ऑक्टोबर, रात्री ८.४४

म्हणजे मेस्त्रीची दिवाळी नरकासुर करतो.

चोडण_फेरी · २१ ऑक्टोबर, सकाळी ११.२०

दिवाळीच्या शुभेच्छा सगळ्यांना. केबलची चाल खरोखरच संपलेली होती. ती काढल्यावर फरक पडला, पण थंड गाडीत सकाळी पहिल्या दोन-तीन वेळा अजून थरथरते, मग बंद होते. माउंट ठीक आहेत. हे चालवून घेऊ की उघडू?

साखळी_गॅरेज · २१ ऑक्टोबर, दुपारी २.०५

ताई, रात्री गाडी उघड्यावर असते का? नदीकाठची दमट हवा, फ्लायव्हीलच्या चेहऱ्यावर रात्रीत गंजाची पातळ साय धरते. दोन-तीनदा घासली की साफ होते. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांची तर प्लेट चिकटून बसते, क्लच दाबला तरी गिअर पडत नाही. तुमची रोज चालते, तिला तसं होणार नाही. तापल्यावर थरथर नसेल आणि चढावर घसरत नसेल तर आत्ता उघडू नका.

ज्या दिवशी उघडाल त्या दिवशी नवीन फ्लायव्हील घ्यायची घाई नको. भेगा नसतील तर लेथवर हलका फेस मारून डाग जातात, खर्च किरकोळ. क्लच सेट कंपनीचा घ्या, प्लेट बसवताना गिअरबॉक्सची बाजू गिअरबॉक्सकडेच आहे ना ते उभं राहून बघा, आणि स्प्लाइनवर ग्रीस नखभर. जास्त लावलं तर तेच उडून लायनिंगवर जातं आणि तुम्ही परत त्याच रॅम्पवर थरथरत उभ्या.

चोडण_फेरी · २१ ऑक्टोबर, दुपारी २.३०

उघड्यावरच असते. मग उन्हाळ्यापर्यंत थांबते. धाग्याची वाचनखूण साठवली.